मैदानावर कॅमेरा घेऊन उतरताना: नव्या फ्रीलान्स फोटोग्राफरसाठी

फ्रीलान्स कामाच्या माझ्या पहिल्याच वर्षी एका गावच्या कुस्ती मैदानाचा फोटो पेपरात छापून आला. फोटो चांगला होता. घिस्सा डाव बसलेला, खालच्या पैलवानाची पाठ मातीला टेकतानाचा नेमका क्षण, मागे हात वर करून उभी राहिलेली माणसं. पण जिंकलेल्या पोराचं नाव चुकलं होतं. मी ते मैदानाच्या पोस्टरवरून उतरवून घेतलं होतं आणि ऐनवेळी जोड बदलली होती. पोस्टरवरचा पैलवान त्या दिवशी आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराचे वस्ताद पेपर घेऊन माझ्या घरी आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोराची आई पेपर घेऊन दहा घरं फिरली बघा. अकराव्या घरात कुणीतरी खालची ओळ वाचून दाखवली."

लेन्स कुठली घ्यावी हे मला नवीन मुलं रोज विचारतात. नाव कसं लिहून घ्यायचं हे अजून कुणी विचारलेलं नाही. खेळ, गावातली माणसं, जत्रा, पालख्या, शाळांच्या स्पर्धा यांचे फोटो काढून ज्यांना पोट भरायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी कोल्हापूर भागात काम करतो, त्यामुळे उदाहरणं इकडची आहेत. तुमच्या गावात खेळ वेगळा असेल, पायऱ्या याच राहतील.

१. एक खेळ आणि एक मैदान धरा

सुरुवातीला सगळीकडे धावू नका. घरापासून अर्ध्या तासावरचं एक मैदान निवडा आणि एक अख्खा हंगाम तिथंच काढा. कोल्हापुरात असाल तर फुटबॉल सगळ्यात सोयीचा. शाहू स्टेडियमवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत सामने चालतात आणि पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ असे पेठांचे संघ एकमेकांसमोर उभे राहतात. तालमींच्या नावानं फुटबॉल खेळला जातो, यातच या शहराचा सगळा जीव आहे. इथं गोल झाल्यावर खेळाडू कोणत्या बाजूला धावतो ते त्याच्या पेठेचे लोक कुठं बसलेत त्यावर ठरतं. हे कळायला दोन-तीन सामने नुसते बघावे लागतात.

म्हणून पहिले तीन सामने कॅमेरा बॅगेतच राहू द्या. वही काढा. कोण डाव्या पायानं मारतो, कोणता गोलरक्षक पुढे येऊन झेप घेतो, ऊन चार वाजता कुठून येतं आणि पाच वाजता कुणाच्या डोळ्यांवर जातं, हे लिहून ठेवा. खेळाचे नियम पाठ असले पाहिजेत. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची असते हे माहीत असेल तर शेवटच्या पाच-सात सेकंदांत चढाईपटू काहीतरी करणार हे बोटाला आधीच कळतं. खो-खोत आठ जण बसलेले आणि नववा धावतोय, पुढचा 'खो' कुणाला मिळणार याचा अंदाज आला तर तुमचा फोकस आधीच तिथं असेल.

एक साधी गोष्ट. ज्या दोन संघांचा सामना आहे त्यांच्या रंगाचा शर्ट घालू नका. मी करडा घालतो.

२. सामान: आधी काय, नंतर काय

नवीन माणूस पहिल्या दिवशी कर्ज काढून महागडी बॉडी घेतो आणि लेन्ससाठी पैसे उरत नाहीत. उलट करा. बॉडी जुनी चालेल, लेन्सवर खर्च करा. मैदानासाठी ७०-२०० एफ २.८ (७० ते २०० मिलिमीटरची, कमी उजेडातही चालणारी) ही एकच लेन्स तुमचं ऐंशी टक्के काम करेल. तीही वापरलेली मिळते. माणसांसाठी ३५ किंवा ५० मिलिमीटरची एक साधी लेन्स. एवढ्यावर दोन वर्षं आरामात निघतात.

वापरलेली बॉडी घेताना शटर किती वेळा पडलंय तो आकडा बघा. खेळाच्या फोटोग्राफरनं वापरलेली बॉडी असेल तर बाहेरून नवी दिसली तरी आतून दमलेली असते. लेन्स घेताना समोरून टॉर्च मारून मागून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास लागते, अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नका. स्वतःच्या सामानासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तरी नक्की.

बॅगेत बाकी काय असतं ते सांगतो: तीन बॅटऱ्या, चार कार्डं, हवेचा फुगा, मऊ ब्रश, दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड, पंचा, छोटी वही, दोन पेनं, पाण्याची बाटली, शेंगदाण्याची चिक्की. पेनं दोन हवीतच. एक नेहमी कुणीतरी मागून नेतं.

३. परवानगी आणि कागदपत्रं

गावच्या मैदानाला लेखी परवानगी लागत नाही, पण न सांगता जाणंही बरं नाही. पोस्टरवर संयोजकांचे फोन नंबर असतात. दोन दिवस आधी फोन करा, कोण आहात आणि फोटो कशासाठी काढणार ते सांगा, आणि मैदान सुरू होण्याआधी एक तास पोचा. संयोजक, पंच आणि निवेदक या तिघांना भेटा. निवेदकाशी ओळख करून घेणं सगळ्यात महत्त्वाचं, त्याचं कारण पुढे येईल.

राज्य पातळीच्या स्पर्धांना पास लागतो. त्यासाठी एखाद्या वृत्तपत्राच्या किंवा मासिकाच्या संपादकाचं पत्र लागतं, म्हणून छोट्या साप्ताहिकाशी का होईना, संबंध ठेवा. पासासाठी अर्ज शेवटच्या दिवशी करू नका.

सरकारची पत्रकार अधिस्वीकृती, म्हणजे सरकारमान्य पत्रकार म्हणून मिळणारी ओळख, ही वेगळी गोष्ट आहे. ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते आणि तिच्यासाठी पत्रकारितेचा अनुभव दाखवावा लागतो. सुरुवातीला तिच्यामागे लागू नका. पैसे भरून 'प्रेस कार्ड' देणारे भेटतील. ते कार्ड घेऊ नका. पोलिसांनी विचारल्यावर त्या कार्डाचा काही उपयोग होत नाही आणि खरोखर काम करणाऱ्यांवरचा विश्वास मात्र उडतो.

एका फाइलमध्ये हे कायम तयार ठेवा:

- आधार आणि पॅनच्या प्रती, पासपोर्ट आकाराचे चार फोटो
- रद्द केलेला चेक
- सामानाची बिलं आणि प्रत्येक बॉडी-लेन्सचा अनुक्रमांक लिहिलेला कागद (चोरी झाली तर पोलीस आणि विमा दोघेही हाच मागतात)
- उद्यम नोंदणीचं (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र
- बिलाचा आणि संमतीपत्राचा कोरा नमुना
- आधी छापून आलेल्या पाच-सहा फोटोंच्या प्रती

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिच्यासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळं त्याच कामाचे हजार-दोन हजार घेतात. माझे असे पैसे गेले आहेत.

ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे ड्रोन नियम आधी वाचा. २५० ग्रॅमपर्यंतचे छोटे ड्रोन वेगळ्या गटात येतात, त्याहून जड ड्रोननं धंद्याचं काम करायला प्रमाणित वैमानिक लागतो. आणि गर्दीवर ड्रोन नेऊ नका, परवाना असला तरी.

४. बसायची जागा

चांगल्या फोटोचं निम्मं काम इथं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुस्तीपासून सुरू करू. कोल्हापूरचं खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ साली ते पूर्ण झालं. मध्यभागी हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. प्रेक्षकासाठी हे उत्तम. फोटोग्राफर मात्र वरून काढायला लागला तर पैलवान बुटके दिसतात आणि मागे नुसती माती येते. हौदाच्या कडेला गुडघ्यांवर बसा. कॅमेरा पैलवानाच्या कमरेच्या उंचीवर आला की मागे प्रेक्षकांचे चेहरे येतात आणि फोटोत मैदान दिसायला लागतं.

चप्पल-बूट घालून मातीत पाऊल टाकू नका. ही माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली असते आणि पैलवान आत उतरताना तिला हात लावून कपाळाला लावतो. तुम्ही बुटानं त्यात उतरलात तर त्या दिवशी तुम्हाला कुणी जागा देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

उन्हाच्या समोर बसा, म्हणजे ऊन पैलवानांच्या मागून येईल. दुपारी चारनंतर मातीचा धुरळा सोनेरी दिसतो, खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या झटापटीत, मानेवर हात पडला की घामाचे आणि मातीचे कण उडताना दिसतात. हे ऊन तास-दीड तासच असतं. लहान पोरांच्या कुस्त्या याच वेळात होतात. बहुतेक फोटोग्राफर एक नंबरच्या कुस्तीसाठी कार्डं राखून ठेवतात आणि या वेळेला चहा पीत असतात. मला माझे सगळ्यात आवडते फोटो याच वेळात मिळाले आहेत.

पंच फिरत असतो आणि नेमक्या क्षणी तुमच्यासमोर येतो. त्याच्यावर चिडू नका, त्याचं काम पाठ टेकली का ते बघणं आहे. पण त्यातच एक युक्ती आहे: पैलवान खाली गेला की पंच त्याच्या खांद्याच्या बाजूला वाकतो. तुम्ही विरुद्ध बाजूला सरकलात तर चेहरा, खांदा आणि वाकलेला पंच, तिन्ही एकाच फोटोत येतात.

कान उघडे ठेवा. हलगी आणि घुमकं या वाद्यांचा ठेका चढला की डाव जवळ आला. वाजवणारा माणूस वर्षानुवर्षं कुस्त्या बघत आलेला असतो. पट निघताना, कब्जा घेतला जाताना त्याचा हात आपोआप वेग धरतो. मी आजही डोळा व्ह्यूफाइंडरला आणि कान हलगीला ठेवतो.

कुस्ती निकाली झाली की सगळे कॅमेरे जिंकलेल्याकडे वळतात. त्याला खांद्यावर घेतात, फेटा बांधतात, लोक हातात नोटा देतात. तो फोटो काढाच. मग तीन सेकंद मागे वळा. हरलेला पोरगा उठून अंगावरची माती झटकत असतो, कधी त्याचे वस्ताद पाठीवर हात ठेवतात. तो फोटो घ्या, पण जवळ जाऊन कॅमेरा तोंडापुढे नेऊ नका. लांबूनच.

फुटबॉलला गोलपोस्टच्या बाजूला, अंतिम रेषेच्या मागे बसा. गोलच्या अगदी मागे बसलात तर जाळी आडवी येते. कबड्डीला मध्यरेषेच्या जरा पुढे, बाजूच्या रेषेबाहेर जागा धरा. पकड झाल्यावर चढाईपटू मध्यरेषेला हात लावायला जीव तोडून ताणतो, तो हात आणि त्याच्या पायाला लटकलेली बचावपटूंची साखळी दोन्ही तिथून दिसतात. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटरचं असतं, म्हणजे सगळा खेळ तुमच्या हाताशी आहे, २०० मिलिमीटरची लेन्स इथं जास्त होते. खो-खोला खांबाच्या तिरप्या रेषेत बसा, सूर मारणारा खेळाडू थेट तुमच्याकडे येतो.

५. कॅमेऱ्याची सेटिंग

फुटबॉल आणि खो-खोला शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान. कबड्डीला १/८००. कुस्तीला १/५०० पुरतो, पण फेकीच्या डावात पाय हलल्यासारखे येतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवायला घाबरू नका. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरनं सरळ होत नाही. फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर आणि शक्य तर मागच्या बटणावर.

रात्रीच्या कबड्डीत नवीन माणूस हमखास फसतो. एकामागोमाग दहा फोटो काढले तर तीन पिवळे, दोन काळसर, एक हिरवट येतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, वेगवान शटरला दिसतं. कॅमेऱ्यात फ्लिकर (दिव्यांची ही लुकलुक) कमी करण्याची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर जास्त फोटो काढा आणि त्यातले चांगले निवडा.

फ्लॅश कोणत्याही खेळात वापरू नका. चढाईपटूच्या डोळ्यांवर एकदा फ्लॅश गेला तर त्याचा गुण जाऊ शकतो.

६. जत्रा, पालखी आणि गर्दी

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या (देवाच्या मानाच्या उंच काठ्या) नाचतात आणि गुलालाची उधळण होते, तेव्हा हवेचाच रंग गुलाबी झालेला असतो. तिथं लेन्स बदलायची नाही. ही एकच सूचना लक्षात ठेवा. बदलली तर गुलाल सेन्सरवर जातो आणि पुढचे सहा महिने प्रत्येक आकाशात ठिपके दिसतात. घरूनच लेन्स लावून निघा, बॉडी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, लेन्सच्या तोंडाला रबरबँड लावा आणि मागं एक भोक ठेवा. घरी आल्यावर ओलं फडकं लावू नका, गुलाल भिजला की तो फटीत शिरतो. आधी फुग्यानं हवा मारा, मग कोरडा ब्रश, मग फडकं. सासनकाठीच्या खाली उभे राहून फोटो काढू नका. काठी उंच आणि जड असते आणि पेलणाऱ्याचं लक्ष वर असतं.

वारीतलं रिंगण काढायला जाणार असाल तर घोडा धावताना कडं ओलांडू नका. सगळ्यांना माउलींच्या अश्वाची दौड हवी असते. ती झाल्यावर वारकरी अश्वाच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. त्यासाठी थांबा. ५० मिलिमीटरची लेन्स लावा आणि खाली बसा. त्या वेळी कुणी तुमच्याकडे बघत नसतं, आणि तुम्हीही घाई करायची नसते.

७. माणसांचे फोटो

खेळाइतकीच खेळाभोवतीची माणसं महत्त्वाची आहेत. हौदाची माती खणणारे मामा, पहाटे चारला उठून बदाम वाटणारा तालमीतला पोरगा, हलगीवाला, फुटबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारा माणूस, लेकीची कबड्डी बघायला कामावरून थेट आलेली आई. या फोटोंना सुरुवातीला गिऱ्हाईक नसतं. पण पाच वर्षांनी मासिकं, संस्था, प्रदर्शनं तुमच्याकडे येतात ती याच फोटोंसाठी.

आधी बोला, मग कॅमेरा काढा. तालमीत जायचं असेल तर वस्तादांना विचारून जा, चप्पल बाहेर काढा, पहिल्या दिवशी फोटो काढू नका. "काढू का?" विचारल्यावर कुणी नको म्हणालं तर हसून बाजूला व्हा. दुसऱ्यांदा विचारू नका. आणि फोटो देतो म्हणालात तर द्या. कागदावरची प्रिंट द्या. माती खणणाऱ्या त्या मामांना मी ६ बाय ८ ची प्रिंट दिली होती. ती त्यांनी घरात देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला लावली. त्यानंतर त्या गावात मला कुणी 'कोण तुम्ही' असं विचारलं नाही.

दोन ठिकाणी मात्र मी फार कडक आहे. शाळेच्या स्पर्धांत लहान मुलांचे फोटो काढताना शाळेची आणि पालकांची संमती लेखी घ्या आणि मुलाचं नाव, शाळा, घराचा पत्ता असं सगळं एकत्र कुठंही टाकू नका. आणि मुलींची कुस्ती, कबड्डी काढताना पकडीत कपडे सरकतात. असा फोटो कितीही जोरदार आला असेल तरी तिथंच पुसून टाका. कार्डावरही ठेवू नका. ती मुलगी तुमच्यासमोर मोकळेपणानं खेळतेय ती या विश्वासावर.

खेळाडू जखमी झाला तर बातमी म्हणून फोटो काढावा लागतो. मी चेहरा टाळतो. घरच्यांना फोनवरून कळण्याआधी फोटोतून कळू नये.

८. नावं आणि फोटोखालची ओळ

सुरुवातीची गोष्ट लक्षात असेल. तिच्यानंतर मी जी पद्धत लावली ती सांगतो.

पोस्टरचा फोटो काढून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. प्रत्येक कुस्तीआधी निवेदक दोन्ही पैलवानांची नावं, तालीम, गाव आणि वस्ताद सांगतो. ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. कुस्ती संपल्यावर जिंकलेल्याला गाठा आणि वही पुढे करा: "पैलवान, तुमच्या हातानं नाव लिहा." स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाव चुकत नाही. हरलेल्याचंही घ्या. गावात एका रांगेत सहा पाटील असतात, म्हणून वडिलांचं नाव आणि गाव सोडू नका. निवेदकाला मैदानाआधी भेटलेलं असलं की शंका आली तर रात्री फोन करता येतो. सुरुवातीला त्याच्या ओळखीबद्दल म्हणालो ते यासाठी.

फुटबॉल-कबड्डीत सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघांची यादी गुणलेखकाकडून घ्या आणि तिचा फोटो काढा. जर्सीचा क्रमांक आणि नाव यादीत जुळतंय का बघा, कारण जर्सी अदलाबदल होते. गोल झाल्यावर गुणफलकाचा एक फोटो घ्या, त्यामुळे घरी आल्यावर वेळेचा क्रम लागतो.

ओळ लिहिताना कोण, काय, कुठे, कधी, निकाल काय हे पाच मुद्दे. जास्त माणसं असतील तर 'डावीकडून' लिहून क्रमानं. विशेषणं नकोत, ती संपादक घालेल. ओळ युनिकोडमध्ये लिहा आणि फोटोच्या फाइलमध्येच माहितीच्या रकान्यात भरा, नाहीतर फोटो एकीकडे आणि ओळ दुसरीकडे जाते.

९. निवडणं आणि पाठवणं

मैदान संपल्यावर घरी जाऊन जेवून फोटो पाठवतो म्हणाल तर पेपरचं पान लागून गेलेलं असेल. मध्यंतरातच पाच फोटो निवडा, मोबाइलवर घ्या, ओळी लिहा, पाठवा. सामना संपल्यावर आणखी पाच. दहापेक्षा जास्त पाठवू नका. ऐंशी फोटो पाठवणाऱ्याला दुसऱ्यांदा काम मिळत नाही, कारण निवडायला तिकडे कुणाला वेळ नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बातमीच्या फोटोत माणूस पुसणं, चेंडू हलवणं, आकाश बदलणं करायचं नाही. उजेड, रंग, कातरणं एवढंच.

१०. दर, बिल आणि हक्क

स्थानिक पेपर एका फोटोचे जे देतात त्यावर घर चालत नाही, हे आधीच मान्य करा. पेपरातून ओळख मिळते. पैसे येतात ते संयोजकांकडून, शाळांकडून, क्रीडा अकादमींकडून आणि खेळाडूंच्या घरच्यांकडून.

दर कसा काढायचा? सामान दीड लाखाचं, तीन वर्षं चालणार, वर्षाला ६० कामं. म्हणजे प्रत्येक कामात ८३३ रुपये नुसते सामानाचे. त्यात पेट्रोल, जेवण, मैदानावरचा वेळ आणि घरी निवडण्याचा वेळ धरा. मग आकडा सांगा आणि तो लेखी पाठवा. अर्धे पैसे आधी. एका मोठ्या स्पर्धेच्या संयोजकांनी तीन दिवस काम करून घेतलं आणि "बक्षीस समारंभात सत्कार करतो" म्हणाले. शाल-नारळ मिळालं, पैसे आजवर मिळाले नाहीत. लेखी काहीच नव्हतं, म्हणून मागताही येईना.

हक्काचं नीट समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही स्वतःहून काढलेल्या फोटोचे मालक तुम्ही. पण कुणी पैसे देऊन काढायला सांगितलेला फोटो असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम देणारा ठरतो. म्हणून पैसे घेण्याआधी एका कागदावर लिहा: फोटोचे हक्क फोटोग्राफरकडे, अमुक वापरासाठी अमुक वर्षं परवानगी, फोटोखाली नाव द्यायचं. हक्क दिले तर मुदत लिहायला विसरू नका, मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. दोन ओळींचा कागद पुरतो, दोघांच्या सह्या हव्यात.

बिलावर क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, पॅन, बँक खातं. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला असेल तर तो तुमच्या नावावर जमा दिसतोय का ते वर्षातून दोनदा तपासा. सेवेचं वार्षिक उत्पन्न २० लाखांच्या आत असेल तोवर साधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज नसते.

११. साठवण

कार्ड त्याच रात्री रिकामं करू नका. आधी दोन वेगळ्या डिस्कवर फोटो उतरवा, दुसरी डिस्क दुसऱ्या घरात ठेवा, मग कार्ड पुसा. माझ्या भागात २०१९ आणि २०२१ ला पूर आला तेव्हा तळमजल्यावर एकच डिस्क ठेवलेल्या लोकांचं सगळं काम गेलं.

फोल्डरला नाव देताना वर्ष, महिना, दिवस, गाव, खेळ या क्रमानं द्या. उगाच वाटतं तेवढं हे काम छोटं नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. आज एखाद्या शाळेच्या मैदानावर तुमच्यासमोर उभा असलेला पोरगा दहा वर्षांनी कुठं असेल ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्या दिवशी त्याचा शाळेतला फोटो फक्त तुमच्याकडे असू शकतो.

गेल्या वर्षी एका मुलाचा फोन आला. वडील वारले होते, पैलवान होते, घरात त्यांचा लांगेतला, म्हणजे कुस्तीच्या पोशाखातला, एकही फोटो नव्हता. गावाचं नाव आणि "यात्रेतलं मैदान असंल, मी चौथीत होतो" एवढंच त्याला माहीत होतं. गावाच्या नावावरून तीन फोल्डर निघाली. दुसऱ्यात वडील होते, सलामी देताना, हातात माती, आणि वहीच्या पानाचा फोटोही शेजारीच होता. त्या पानावर त्यांच्याच अक्षरात त्यांचं नाव. मी दोन्हीच्या प्रिंट काढून दिल्या.